यादी पोलिसांकडे, धास्ती गल्लीत

लैंगिक गुन्हेगारांची नावे जाहीर करून त्यांना वस्तीबाहेर ठेवण्याची मागणी वारंवार पुढे येते. परंतु धोका नेमका कोठे आहे, याचे उत्तर त्या यादीत सापडते का?

खंडाळा (जि. सातारा) : पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली एस.टी. नीरा नदीवरचा पूल ओलांडते आणि जिल्हा बदलतो. अलीकडे पुणे जिल्ह्यातील भोर तालुका, पलीकडे सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका. पूल ओलांडायला काही मिनिटे पुरतात. परंतु कायद्याच्या नजरेत या दोन काठांमध्ये मोठे अंतर आहे. पुणे जिल्ह्यातून तडीपार झालेला इसम, आदेशात शेजारच्या जिल्ह्याचा उल्लेख नसेल तर, पुलापलीकडे शिरवळमध्ये उजळ माथ्याने खोली भाड्याने घेऊ शकतो. सातारा जिल्ह्यातून हद्दपार झालेल्याला नदीच्या उत्तर काठावर कोणी अडवत नाही. धोकादायक माणसाला वस्तीपासून दूर ठेवायचे म्हणजे नेमके कोठे ठेवायचे, या प्रश्नाची अडचण या पुलावर उभे राहिले की ध्यानात येते.

शिरवळ आणि खंडाळा परिसराचे रूप औद्योगिक वसाहतींमुळे झपाट्याने पालटले. शेतघरांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आल्या, परजिल्ह्यांतून आणि परराज्यांतून कामगार आले. शेजारचा माणूस कोण, हे ठाऊक नसणे ही एकेकाळी केवळ मुंबई-पुण्याची व्यथा होती. आता ती महामार्गालगतच्या गावांचीही झाली आहे. त्यामुळेच ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांवरील अत्याचाराने आणि २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या स्वारगेट स्थानकातील घटनेने राज्य हादरले, तेव्हा शहरातील गृहनिर्माण संस्थांत आणि गावातील पारांवर एकच प्रश्न विचारला गेला. असे गुन्हे केलेली माणसे कोठे राहतात, हे सरकारला ठाऊक आहे, तर ते आम्हाला का सांगितले जात नाही?

नोंद आहे, पण नागरिकांसाठी नाही

सरकारला ते ठाऊक आहे, हे खरे. २० सप्टेंबर २०१८ रोजी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय माहितीसंचाचे उद्घाटन झाले. बलात्कार, सामूहिक बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि छेडछाड या गुन्ह्यांतील दोषींची नावे, पत्ते, छायाचित्रे आणि बोटांचे ठसे त्यात नोंदवले जातात. प्रारंभीच त्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग हा संच सांभाळतो आणि तो फक्त तपास यंत्रणांनाच पाहता येतो. सर्वसामान्य नागरिकाला, शाळेच्या मुख्याध्यापकाला किंवा सोसायटीच्या सचिवाला तो थेट उघडता येत नाही.

ही भिंत पाडण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर केलेल्या 'दिशा' विधेयकात महिला व बालकांविरुद्धच्या गुन्हेगारांची नोंदवही जनतेसाठी खुली करण्याची तरतूद होती. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने 'शक्ती' विधेयक आणले. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मात्र मिळाली नाही. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 'शक्ती'ची कलमे ज्या जुन्या कायद्यांवर बेतली होती, ते कायदेच मागे पडले.

दोन घटना, दोन धडे

ज्या घटनांनी ही मागणी पुन्हा ऐरणीवर आणली, त्याच घटना मागणीच्या कसोटीवर घासून पाहाव्या लागतील. स्वारगेट प्रकरणात पहाटे सातारा जिल्ह्याकडे जाणारी बस शोधणाऱ्या तरुणीला, बस दुसरीकडे उभी असल्याचे सांगून रिकाम्या शिवशाहीत नेण्यात आले. अटक झालेल्या संशयितावर यापूर्वी गुन्हे दाखल होते, तो २०१९ पासून जामिनावर होता. परंतु ते गुन्हे चोरी, जबरी चोरी अशा स्वरूपाचे होते. म्हणजे लैंगिक गुन्हेगारांची यादी स्थानकाच्या भिंतीवर टांगली असती, तरी त्यात हे नाव दिसले नसते. त्या पहाटे उपयोगी पडली असती ती आगारातील गस्त, उभ्या बसगाड्यांची कुलपे आणि पुरेसा उजेड.

बदलापुरात आरोपी शाळेत कंत्राटदारामार्फत नेमलेला सफाई कामगार होता. तेथे प्रश्न शेजाराचा नव्हता. मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत एका पुरुष कर्मचाऱ्याला विनादेखरेख प्रवेश का होता, हा होता. पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात आरोपी मारला गेल्याने खटला उभाच राहिला नाही आणि शाळेच्या व्यवस्थेवरील चर्चाही चकमकीच्या वादात मागे पडली.

नोंदवहीच्या बाजूने ज्याचा आधार घेता येतो, ते प्रकरण मुंबईच्या शक्ती मिलचे. २०१३ च्या जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत त्याच निर्जन आवारात दोन सामूहिक बलात्कार झाले आणि काही आरोपी दोन्हींत सामील होते. वारंवार गुन्हा करणाऱ्यांसाठी त्याच वर्षी आणलेल्या कलम ३७६ (ई) खाली एप्रिल २०१४ मध्ये तिघांना फाशी सुनावण्यात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. गुन्हेगार पुन्हा गुन्हा करतो, हे भय त्यामुळे निराधार ठरत नाही. मात्र पहिल्या गुन्ह्याची तक्रार पोलिसांपर्यंत पोचली ती दुसरा घडून गेल्यानंतर. शिक्षा तर दूरच, गुन्हा दाखलही नसताना ती नावे कोणत्या यादीत असणार होती?

यादीची खरी मर्यादा येथेच आहे. तीत नाव येण्यासाठी आधी दोष सिद्ध व्हावा लागतो. बलात्काराच्या खटल्यांत देशातील दोषसिद्धीचे प्रमाण २०१८ ते २०२२ या काळात, २०२० चा अपवाद वगळता, २७ ते २९ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. शंभर खटल्यांचा निकाल लागला, तर सत्तरहून अधिक नावे यादीबाहेर राहतात. त्यांत निर्दोष असतील, तसेच साक्षीदार फिरल्याने आणि तपास ढिसाळ झाल्याने सुटलेलेही असतील. खुली यादी पाहून 'आमच्या गल्लीत कोणी नाही' असा निर्वाळा देणे, म्हणजे या सगळ्यांना विसरणे होय.

उंबरठ्याच्या आत

आकडेवारीतील आणखी एक गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एकच चित्र दिसते : बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. वडील, काका, मामा, शेजारी, शिकवणीचे सर, लग्नाचे वचन देणारा तरुण. बालकांच्या बाबतीतही धोका येतो तो बहुधा ज्याला मूल 'काका' म्हणून हाक मारते त्याच्याकडून.

अशा गुन्हेगाराचे नाव व पत्ता जाहीर करण्याचा अर्थ काय होतो? पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आणि बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा म्हणजेच 'पोक्सो' मनाई करतो. परंतु बापाचे नाव चावडीवर लागले, तर मुलगी कोण, हे गावाला सांगावे लागत नाही. आधीच 'घरची अब्रू' म्हणून दडपल्या जाणाऱ्या तक्रारी, घरावर कायमचा शिक्का बसणार म्हटल्यावर वाढतील की आटतील, याचे उत्तर कोणत्याही महिला कक्षातील पोलिसाला ठाऊक असते.

दोन हजार फुटांचा हिशेब

नावे जाहीर करणे आणि राहण्यावर निर्बंध घालणे या दोन्ही गोष्टी अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर करून पाहिल्या. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने तेथे नोंदणी आली, १९९६ च्या 'मेगन्स लॉ'ने ती जनतेसाठी खुली झाली. त्यानंतर राज्याराज्यांत अंतराचे नियम आले. आयोवा राज्याने २००२ मध्ये बालकांविरुद्धच्या गुन्हेगारांना शाळा व पाळणाघरांपासून २,००० फुटांच्या आत राहण्यास बंदी केली. २००५ मध्ये अपिली न्यायालयाने ती वैध ठरवली आणि अंमल सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्या राज्यातील सरकारी वकिलांच्या संघटनेने हा नियम बदलण्याची मागणी केली. गुन्हेगारांवर खटले चालवणाऱ्यांचेच म्हणणे होते, की यामुळे मुले सुरक्षित होत नाहीत. उलट घर मिळेनासे झालेली माणसे पत्ता देणेच सोडून देतात. २००९ मध्ये आयोवाला हा निर्बंध गंभीर गुन्हेगारांपुरता मर्यादित करावा लागला.

फ्लोरिडातील मायामीत २,५०० फुटांच्या स्थानिक नियमामुळे शिक्षा भोगून आलेल्यांना राहायला जागाच उरली नाही. खाडीवरच्या ज्युलिया टटल पुलाखाली त्यांची वसाहतच उभी राहिली. २०१० मध्ये ती हटवण्यात आली. पण माणसे जाणार कोठे, हा प्रश्न तसाच राहिला. मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने २००७ मध्ये, सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात परतलेल्या २२४ जणांची प्रकरणे तपासली. घराच्या अंतराचा निर्बंध असता, तर त्यांपैकी एकही गुन्हा टळला असता, असे आढळले नाही. गुन्हेगार बळी शोधत होता तो नात्यागोत्यात आणि ओळखीत. शाळेच्या कुंपणापाशी नव्हे.

प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या अभ्यासकांनी १५ राज्यांतील माहितीवरून २०११ मध्ये काढलेला निष्कर्ष तर धोरणकर्त्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. पोलिसांकडील नोंदणीने ओळखीच्या व्यक्तींवरील गुन्हे कमी होण्यास मदत होते. मात्र तीच नोंद जनतेसाठी खुली केली, की नोंदीत असलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढते. काम नाही, घर नाही, परत समाजात येण्याची आशा नाही, असा माणूस तुरुंगाला कशासाठी भिणार?

हा हिशेब महाराष्ट्रात मांडून पाहावा. २,००० फूट म्हणजे सुमारे ६०० मीटर. पुण्याच्या पेठांत शाळा, बालवाडी, क्रीडांगण आणि पाळणाघर यांच्याभोवती अशी वर्तुळे आखली, तर नकाशावर मोकळी जागा शोधावी लागेल. खंडाळ्यासारख्या गावात अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा यांच्या दोन वर्तुळांतच गावठाण संपते. मग उरतो तो डोंगर, माळ किंवा शेजारचा तालुका.

तडीपारीचा अनुभव

शेजारच्या तालुक्याचा मार्ग महाराष्ट्राच्या परिचयाचाच आहे. महाराष्ट्र पोलिस कायदा, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्यातून आणि लगतच्या भागातून हद्दपार करता येते. शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यालाही ही तरतूद लागू होऊ शकते. निवासावरील निर्बंधाचा हा आपला देशी अवतार. परंतु तडीपार गुन्हेगार आपल्याच गल्लीत सापडल्याच्या बातम्या आठवड्याला वाचायला मिळतात. जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी हा असाधारण उपाय असल्याचे बजावले. देशात मुक्तपणे वावरण्याच्या मूलभूत हक्कावर घाला घालणारा आदेश ठोस आधाराशिवाय काढता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याहून साधा आक्षेप असा, की साताऱ्याचा धोका सांगलीला किंवा पुण्याला पाठवल्याने धोका नाहीसा होत नाही. त्याला न ओळखणारी नवी वस्ती मात्र मिळते.

हजेरीची जुनी जखम

नोंद, हजेरी आणि बंदिस्त वस्ती यांचा इतिहासही या भूमीला नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी अनेक जमातींची नावे सरकारी नोंदवहीत चढवली. गाव सोडायचे तर परवाना, रात्री हजेरी, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील 'सेटलमेंट'. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. पारधी तांड्यावरचा पोलिसी संशय मात्र रद्द झाला नाही. ती नोंद जन्मावरून होती, ही गुन्हा सिद्ध झाल्यावरची असेल, हा फरक मोठा आहे आणि तो नाकारता येत नाही. परंतु नोंदवही एकदा उघडली, की तीत प्रथम कोणाची नावे चढतात, हेही त्या इतिहासाने शिकवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये गुन्हेगारांची पोलिसी 'हिस्ट्रीशीट' हा अंतर्गत दस्तऐवज असून ती जाहीर करू नये, असे सांगितले. दुर्बल समाजघटकांतील निरपराधांची नावे यांत्रिकपणे त्यात येत असल्याबद्दल चिंताही व्यक्त केली.

जमावाच्या हाती नाव पडले तर काय होते, यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारण्यात आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातील लवंगा येथे चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. यांपैकी कोणाचेही नाव कोणत्या यादीत नव्हते; अफवा पुरेशी ठरली. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २००० मध्ये एका वृत्तपत्राने नावे छापण्याची मोहीम उघडल्यानंतर पोर्टस्मथच्या पॉल्सग्रोव्ह वसाहतीत दंगली झाल्या आणि काही निरपराध कुटुंबांनाही घरे सोडावी लागली.

मधला मार्ग

त्या अनुभवातून ब्रिटनने काढलेला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. तेथे १९९७ पासूनची नोंद पोलिसांकडेच राहिली; परंतु २००८ मध्ये प्रायोगिक आणि २०११ पर्यंत सर्वत्र लागू झालेल्या योजनेनुसार, आपल्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या विशिष्ट व्यक्तीविषयी पालक पोलिसांकडे विचारणा करू शकतात. धोका आढळल्यास पोलिस ती माहिती त्या पालकापुरती, गोपनीयतेच्या अटीवर देतात. भिंतीवर फलक लागत नाही. पण विचारणाऱ्या आईला रिकाम्या हातानेही परतावे लागत नाही.

आपल्याकडे तर काही साधने कायद्यात आहेतच. एकदा शिक्षा झालेल्याला तीन वर्षे वा अधिक शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्यात पुन्हा शिक्षा झाली, तर सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत त्याने आपला पत्ता व त्यातील बदल कळवत राहावा, असा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५६ ची ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९४ मध्ये आहे. तिची चर्चा क्वचितच होते. 'पोक्सो'च्या २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी अशा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कायम व कंत्राटी, शिक्षक व शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलिस पडताळणी करणे बंधनकारक आहे. बदलापूरनंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी आदेश काढून हेच पुन्हा बजावले. शाळेची बस, रिक्षावाले काका, शिकवणी वर्ग आणि सोसायटीचा सुरक्षारक्षक येथपर्यंत ही पडताळणी पोचली, तर राष्ट्रीय माहितीसंच जनतेसाठी खुला न करताही तो जनतेच्या कामी येईल.

अर्थात, हा सारा डोलारा उभा आहे तो पोलिसांवरील विश्वासावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील महिला डॉक्टरने आत्महत्या केली. तळहातावरील मजकुरात तिने एका पोलिस उपनिरीक्षकावर अत्याचाराचा आरोप केला होता. त्या अधिकाऱ्याला निलंबन व अटकेला सामोरे जावे लागले. आरोपांचा निवाडा न्यायालयच करील. परंतु 'नोंद आमच्याकडे आहे, तुम्ही निर्धास्त राहा' हे पोलिसांचे वाक्य नागरिकांना का पुरेसे वाटत नाही, हे अशा घटनांवरून समजते. म्हणूनच पडताळणीला मुदत हवी, विचारणेला लेखी उत्तर हवे आणि उत्तर न देणाऱ्या ठाण्याला जाब विचारणारी यंत्रणा हवी. सुटून आलेल्या दोषीवर देखरेख, समुपदेशन आणि रोजगाराची सोय हा विषय तर अजून शासनाच्या विषयपत्रिकेवरही ठळकपणे आलेला नाही.

खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते फसवणुकीला आणि अत्याचाराला बळी पडलेल्या विधवांसाठी. त्या स्त्रियांना छळणारे पुरुष परगावचे अनोळखी क्वचितच होते. ते वाड्यातले आणि ओळखीतले होते. त्या दांपत्याने दारावर गुन्हेगारांची यादी लावली नाही. बाईला न घाबरता येता येईल, असे एक दार उघडले. राज्यातील शाळांमध्ये आता 'सखी सावित्री' समित्या नेमण्याचे आदेश आहेत. त्या समित्या कागदावर राहतात की तक्रार घेऊन आलेल्या मुलीचे ऐकतात, यावर गल्लीतील किती धास्ती खरोखर कमी होईल, हे ठरणार आहे. नीरेच्या पुलावरून कोणाला कोणत्या काठावर पाठवले, यावर नव्हे.